आपल्याकडं पाऊस आहेच किती?

मृग लागला म्हणून माझा फोन वाजत नाही. तो वाजतो उत्तरा आणि हस्तात, सप्टेंबरच्या मध्यापासून दसऱ्याच्या आसपासपर्यंत, आणि बहुतेक वेळा रात्रीची जेवणं झाल्यावर. "साहेब, पंख्याच्या हुकातून पाणी येतंय." "साहेब, देवघराच्या कोपऱ्यात ओल धरलीय." "साहेब, रंग देऊन वर्ष झालं नाही अन् पोपडे सुटले." शिरूरला मी घरांचे नकाशे काढतो, परवानगीची कागदपत्रं करून देतो, बांधकामावर लक्ष ठेवतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझं सगळं काम. नवं घर बांधायचं असलं की माणसं सहकुटुंब येतात, चहा पिऊन निवांत बोलतात. घर गळायला लागलं की फोनच येतो आणि आवाजात राग असतो, मग ते घर मी बांधलेलं असो वा नसो.

कोकणात गळती जूनमध्येच कळते. आमच्याकडं जूनचे पहिले दोन-तीन पाऊस तापलेला कोबाच, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, पिऊन टाकतो. जुलै-ऑगस्ट भुरभुरीत जातात. शिरूरच्या पुलावरून घोडनदी दुथडी भरलेली दिसते, पण ते पाणी वरच्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातलं. भीमाशंकरच्या बाजूला तीन-तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, नदीच्या वाटेनं तो आमच्याकडं येतो, आणि आमच्या अंगणात मात्र फुफाटा. शिरूर-दौंडचा वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा.

म्हणून नकाशावर बोलणं चाललेलं असताना मी गच्चीच्या उताराचा विषय काढला की समोरून हमखास वाक्य येतं, "साहेब, आपल्याकडं पाऊस आहेच किती?" हे वाक्य मी बागायतदाराच्या तोंडून ऐकलंय, रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कामगाराच्या, कुरकुंभच्या दुकानदाराच्या आणि मास्तरांच्याही. दर्शनी भिंतीला ग्रॅनाईट लावायला पैसे असतात, जिन्याला स्टीलचं रेलिंग येतं, आणि गच्चीवर "नुसतं सिमेंट घोटून घ्या" असं ठरतं.

मग मी कागदावर हिशोब मांडतो. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. पाचशे मिलिमीटर धरले तर वर्षाला सेहेचाळीस हजार लिटर. हे पाणी चार महिन्यांत वाटून आलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. ते येतं पाच-सहा झडींत. एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडला तर नऊ हजार लिटर, म्हणजे जवळपास दोन ट्रॅक्टर टँकर, तुमच्या डोक्यावर ओतले जातात, आणि उतरायला वाट असते चार इंची पाइपाची. त्या पाइपात मागच्या संक्रांतीचा पतंग अडकलेला.

१४ ऑक्टोबर २०२० ची रात्र दौंडकर विसरायचे नाहीत. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तेलंगणातून सोलापूर, इंदापूर करत आमच्यावर आला. ओढ्यांना असे पूर आले की माणसं वाहून गेली. अशा रात्री घराच्या गळतीचं रडगाणं कुणी कुणाला सांगत नाही. पण पुढच्या आठवड्यात मी गच्च्या बघत फिरलो तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. भेग ताजी नव्हती. तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या, आत धूळ बसली होती, काही ठिकाणी मुंग्यांनी सांध्यातली वाळू बाहेर काढून बारीक ओळ घातली होती. म्हणजे ही वाट पावसाच्या कितीतरी आधी तयार झालेली होती.

आमच्या भागातले स्लॅब उन्हानं फुटतात. पाऊस फक्त ते दाखवून देतो. मे महिन्यात दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहता येत नाही. हवा ४१-४२ अंशांची असली तरी काँक्रीटचा पृष्ठभाग साठीच्या घरात जातो. तापलं की काँक्रीट प्रसरण पावतं, गार झालं की आखडतं. डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्यात तीस फुटांचा स्लॅब साधारण तीन मिलिमीटरनं लांबतो. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण स्लॅबवर कठड्याची विटांची भिंत उभी असते, तिला इतकं हलता येत नाही, आणि दोघांच्या मध्ये सांधा सुटतो. असं वर्षानुवर्षं चालतं. त्यात एखाद्या दुपारी वळीव येतो. तव्यासारख्या तापलेल्या स्लॅबवर गार पाण्याचे सडे पडतात, गच्चीवरून वाफा निघतात, घरातली मंडळी मातीचा वास आला म्हणून खूश होतात. मी त्या वेळी कठड्याच्या सांध्याचा विचार करत असतो. धंद्यानं माणूस असा बिघडतो.

त्या सांध्यावर गवंडी वाटा मारतात, म्हणजे भिंत आणि गच्ची यांच्या कोनात सिमेंटचा गोलसर भराव. काम अर्ध्या दिवसाचं. वाटा नीट असेल तर निम्मी गळती होतच नाही. पण तो शेवटच्या दिवशी, मिस्तरी दुसऱ्या साइटवर जायच्या घाईत असताना, उरल्यासुरल्या मालात मारला जातो.

गळती शोधणं हे मला मनापासून आवडणारं काम आहे. पाणी जिथं टपकतं तिथं ते शिरलेलं नसतं, एवढं बहुतेकांना आता माहीत आहे. कुठून शिरलं ते कसं शोधायचं, हे मला सगळ्यात चांगलं शिकवलं दौंडच्या एका निवृत्त रेल्वे गार्डनं. दौंड हे जंक्शन. मनमाडकडं, सोलापूरकडं, बारामतीकडं फाटे फुटतात. या माणसाची सारी नोकरी वेळ टिपण्यात गेलेली. निवृत्तीनंतर घर बांधलं, ते गळायला लागलं. त्यांनी माझ्यासमोर शंभर पानी वही ठेवली. एका रकान्यात पाऊस सुरू झाल्याची वेळ, दुसऱ्यात थांबल्याची, तिसऱ्यात हॉलमध्ये पंख्याखाली पहिला थेंब पडल्याची, चौथ्यात स्वयंपाकघरात पडल्याची. सही तेवढी नव्हती.

"काकांना काम नाही दुसरं," काकू आतून म्हणाल्या. पण त्या वहीत सगळं होतं. स्वयंपाकघरातला थेंब पाऊस सुरू झाल्यावर दहा-बारा मिनिटांत यायचा आणि पाऊस थांबला की थांबायचा. हॉलमधला थेंब तीन-साडेतीन तासांनी सुरू व्हायचा आणि पाऊस उघडल्यावर दोन दोन दिवस चालायचा. म्हणजे या दोन वेगळ्या गळत्या होत्या. पहिलीला सरळ भोक हवं. दुसरीच्या मागं कुठंतरी पाणी साठून राहिलेलं हवं.

वर गेलो. स्वयंपाकघराच्या डोक्यावर पाणी तापवायचा सोलर. त्याच्या स्टँडचे चार पाय थेट स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवलेले. बोल्टाभोवती गंजाचं तांबूस वर्तुळ. बसवणारा पोरगा ड्रिल घेऊन आला, अर्ध्या तासात काम उरकून गेला. त्याला सोलर बसवायचा होता, स्लॅब त्याच्या यादीत नव्हता. हॉलवरच्या गच्चीवर मात्र कुठंच भेग दिसेना. मग मिस्तरीला कोबा एका जागी फोडायला लावला. चार इंच फोडल्यावर स्लॅब लागायला हवा होता. लागला आणखी एक कोबा. काकांनी आधीच्या गळतीवर कुणाच्या तरी सल्ल्यानं जुन्या कोब्यावरच नवा कोबा घातला होता. दोन थरांच्या मध्ये विटांचे तुकडे पाण्यानं गच्च भिजलेले, हातात घेतले तर ठिबकत होते. तिथून पाणी सावकाश स्लॅबमध्ये, स्लॅबमधून वायरिंगच्या पाइपात, आणि पाइप उतरतो पंख्याच्या हुकाशी. म्हणून पंख्याखाली थेंब. विजेच्या पाइपातून पाणी येतंय म्हटल्यावर काकूंनी त्या खोलीचा फ्यूज काढून हातात दिला आणि काम होईपर्यंत परत लावू दिला नाही. हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं.

कोब्यावर कोबा हा आमच्याकडचा सार्वत्रिक रोग आहे. हजार चौरस फुटांवर चार इंची कोबा म्हणजे सतरा-अठरा टन वजन. पहिला कोबा आम्ही डिझाइनच्या हिशोबात धरलेला असतो. दुसरा कुणीच धरलेला नसतो. गच्चीवर माणसांचा वावर म्हणून चौरस मीटरला दीडशे किलो धरतात. दुसरा कोबा एकटाच त्याहून जास्त भरतो, आणि भिजला की आणखी. वर वजन वाढतं, आत पाणी मुरतं, सळईला गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, आतून फुगतं आणि खालचं प्लास्टर ढलप्यांनी पडतं. मग लोक म्हणतात, सिमेंट चांगलं नव्हतं.

काकांचे दोन्ही कोबे काढले. खालचा स्लॅब धुतला, भेगांत ग्राउट भरला, नवा कोबा उताराला घातला, वर पांढऱ्या फुटक्या टाइलांचे तुकडे. पांढऱ्यावर ऊन टिकत नाही, स्लॅब कमी तापतो. उताराचं माप गवंड्याच्या भाषेत दहा फुटाला सव्वा इंच. मिस्तरी "डोळ्यानं बरोबर येतंय" म्हणाला की मी पाण्यानं भरलेली लेव्हलची नळी काढतो. काकांनी वही पुढं चालू ठेवली. त्यात आता फक्त पावसाच्या वेळा असतात, उरलेले रकाने कोरे.

प्रत्येक गळतीचं कारण काँक्रीटमध्ये सापडतंच असं नाही. शिरूर तालुक्यातल्या एका गावात दोन भावांचं घर होतं. वाटणीत थोरल्याला खालचा मजला आला, धाकट्याला वरचा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांची नावं वेगळी लागली, चौरस फूट लिहिले गेले, पण गच्ची कुणाची हे कुठल्याच कागदावर नव्हतं. गच्चीवरचं पाणी भिंतीतून उतरून थेट खालच्या खोलीत निघायचं, वरचा मजला कोरडा. धाकटा म्हणे, माझ्या घरात थेंब नाही, मी खर्च का करू? थोरला म्हणे, गच्चीवर वाळवण तुझं, टाकी तुझी, आणि ओल माझी? मला दोघांनीही वेगवेगळं बोलावलं आणि दोघांनीही, "तुम्ही फक्त त्याची चूक आहे असं लिहून द्या," म्हणून सांगितलं. मी लिहून दिलं की वाटा सुटलाय. तो कागद त्यांना कुणालाच नको होता. शेवटी त्यांच्या आत्याबाई दिवाळीला आल्या, त्यांनी दोघांकडून निम्मे निम्मे पैसे काढून माझ्या हातात दिले.

फ्लॅटमध्ये निदान हे बरं असतं. सोसायटीच्या नमुना उपविधींत गच्चीतून होणाऱ्या गळतीचा खर्च सोसायटीनं करायचा असतो. नव्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर रेरा कायद्यानुसार बिल्डरनं तो स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. हे मी सगळ्यांना सांगतो. पाच वर्षं उलटून गेल्यावर येणारेच जास्त.

दुरुस्ती केव्हा करायची, यावर माझं आणि गिऱ्हाईकांचं कायमचं भांडण आहे. गळती हस्तात दिसते. डाग ताजे असतात, पाणी कुठून आलं ते कळतं. कार्तिक-मार्गशीर्षात विहिरींना पाणी असतं, कॅनॉलचं आवर्तन मिळतं, ऊन कोवळं असतं, नवा कोबा सावकाश वाळतो, त्याला केसभर भेगा पडत नाहीत. काम करायचं ते तेव्हा. पण तेव्हा माणूस म्हणतो, "आता पाऊस संपला की साहेब. उसाचं बिल आलं की करू." उसाला तोड येईपर्यंत पौष जातो. बिल हातात पडतं तेव्हा लग्नसराई सुरू झालेली असते. घरचं लग्न नसलं तर मेव्हण्याच्या पोरीचं असतं. उरलेसुरले पैसे घेऊन तो माझ्याकडं येतो वैशाखात. त्या वेळी ऊन असं की दुपारी घातलेला माल संध्याकाळपर्यंत तडकतो, आणि पाणी नसतं.

शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा पट्टा तर कायमचा तहानलेला. तिकडच्या एका कांदा उत्पादकाची गच्ची २०२५ च्या मे महिन्यात करायला घेतली होती. गच्ची हजार चौरस फुटांची. कोबा घालण्याआधी मी स्लॅबवर दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवायला सांगतो. कुठं झिरपतं ते खालून बघायचं, खडूनं खुणा करायच्या. दोन इंच म्हणजे साडेचार-पावणेपाच हजार लिटर. एक टँकर. वर कोबा झाल्यावर आठ-दहा दिवस तो ओला ठेवायचा, म्हणजे आणखी पाणी.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "साहेब, आमच्या प्यायला टँकर येतो अन् तुम्ही स्लॅबला पाजायला सांगता?"

त्याचं बोलणं बरोबर होतं. वाडीवर बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना याच्या गच्चीवर तळं साठवलं असतं तर गावानं त्याला बोलून खाल्लं असतं. मग आम्ही गच्चीचे भाग पाडले. मातीचे बुटके बांध घातले, एका वेळी एकच वाफा भरायचा, त्याचं पाणी झालं की तेच पाणी घमेल्यानं पुढच्या वाफ्यात टाकायचं. शेतात पाणी देणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यानं बांध माझ्या मिस्तरीपेक्षा चांगले घातले. पाण्यात थोडा खाण्याचा लाल रंग टाकला, म्हणजे खाली कुठल्या वाफ्याचं पाणी उतरतंय ते कळावं. दोन ठिकाणं निघाली. कोब्याला पाणी मारायच्या ऐवजी भिजवलेली पोती आणि त्यावर दौंडकडून आणलेलं उसाचं पाचट अंथरायचं ठरलं. जुना कोबा आधीच काढलेला होता. स्लॅब उघडाच होता. आणि पाऊस आला.

त्या वर्षी रोहिणी लागायच्या आतच आभाळ फाटलं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दौंड, बारामती, इंदापूर या कोरड्या तालुक्यांत असा पाऊस झाला की पुणे-सोलापूर महामार्गावर पाणी आलं. मान्सून २५ मेलाच महाराष्ट्रात पोचला. आमच्या उघड्या स्लॅबवर सगळ्या भेगा मोकळ्या, ग्राउट भरायचा बाकी. मी फोन केला, "ताडपत्री टाका, काहीही करून झाका."

"ताडपत्री एकच आहे साहेब. कांदा झाकलाय."

अरणीचा कांदा अजून चाळीत भरायचा होता, शेतातच ढीग लागलेला. त्या वर्षी भाव पडलेलेच होते, पण सडलेल्या कांद्याला तोही भाव नाही. घरात त्याची म्हातारी आई, बायको, दोन मुलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर हॉलमध्ये भांडी मांडलेली होती: पातेली, बादल्या, दुधाची किटली, मुलाच्या क्रिकेटचं हेल्मेटसुद्धा. सगळ्यांनी जागा बदलून झोपून रात्र काढली होती. वहिनींनी मला चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "भिंत वाळंल ओ. कांदा नाय वाळायचा." यावर कुठल्याही इंजिनिअरकडं उत्तर नाही. मी शिरूरहून जाड प्लास्टिक घेऊन गेलो होतो, ते टाकलं, कडेला विटा ठेवल्या. काम दिवाळीनंतर पुरं झालं. नाइलाजानं का होईना, योग्य महिन्यात.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथं जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून केलेले घुमट आहेत. आकारच असा की पाणी उभं राहायला जागा नाही. याच शेतकऱ्याला मी एकदा म्हटलं, शेतावरची खोली तरी तशी कर. तो हसला. "त्याच्यावर बाजरी कुठं वाळवू? झोपू कुठं उन्हाळ्यात?" गच्ची इथं घराची खोलीच असते. तिच्यावर कुरडया, पापड, शेंगा, मिरच्या वाळतात, वैशाखात सगळं घर झोपायला वर येतं. ती सपाट हवीच. आम्हा लोकांनी पुस्तकातून उतरतं छप्पर सुचवून काही होत नाही. सपाट दिसेल पण पाणी सरकेल, एवढं साधायचं.

सपाट छप्पर आमच्या लोकांना नवं नाही. दौंड तालुक्यात भीमेच्या बाजूला आमचं जुनं घर धाब्याचं होतं. बाभळीच्या तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर किलचा, किलचांवर लिंबा-तरवडाचा पाला आणि त्यावर हात-दीड हात माती. शेतातली काळी नाही, गावठाणातली जुन्या पडक्या गढीची पांढरी. काळी माती वाळली की भेगाळते. पांढरी आणि तिच्यात मिसळलेली खारी माती भिजली की दबून बसते, पाण्याला वाट देत नाही. रोहिणीत आजी घरादाराला वर चढवायची. माती पसरायची, भेगा बुजवायच्या, चोपण्यानं चोपायचं, पन्हळीकडं उतार आहे ना ते तांब्याभर पाणी ओतून बघायचं. माझी लेव्हलची नळी तिथूनच आली म्हणायला हरकत नाही. तरी झड लागली की एखादी जागा गळायचीच. मग आजी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, मातीची पाटी काखेत मारून भर पावसात शिडी चढायची आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "अजून उजवीकडं! आणखी थोडं!"

त्या मातीचं वजन किती होतं, याचा विचार कुणी केला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे तिकडच्या धाब्याच्या, मातीखाली. आमच्याकडं धक्का जाणवला, पडझड झाली नाही, पण वडील त्यानंतर अंथरुणावर पडले की तुळयांकडं बघत राहायचे. पुढं ते धाबं उतरवलं, पत्रा आला. पत्र्याचं दुखणं निराळं. हुकाखालचा डांबरी वायसर उन्हानं वाळून फुटतो आणि प्रत्येक हुक गळायला लागतो. तिथंही ऊनच.

धाब्याची आठवण काढून हळहळणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. त्याखाली झोपलेलो आहे मी, उंदीर आणि विंचूही तिथंच राहायचे. पण एक खरं की त्या घरात छताला वर्षातून एकदा हात लागायचाच. स्लॅब टाकला त्या दिवशी नारळ फुटतो, लाडू वाटले जातात आणि नंतर वरची पाहणी फक्त टाकी भरली का बघायला होते. माझ्या स्वतःच्या घरी, शिरूरला, गच्चीची खरी देखरेख बायकोकडं आहे. ती कुरडया घालायला वर जाते तेव्हा पाइपाचं तोंड झाडूनं मोकळं करते, कठड्यातून उगवलेलं पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच उपटते. पिंपळ उपटायचा म्हणून तिची आई तिला बोल लावायची. आता तीच वरून हाक मारते, "आणखी एक आलाय, बघा." दर एप्रिलला मी वाट्यावरून नाणं ठोकत फिरतो, जिथं आवाज पोकळ येतो तिथं सांधा सुटलेला. खर्च अर्ध्या गोणी सिमेंटचा.

आता नवं प्रकरण सोलर पॅनलचं. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, अनुदान मिळतंय, आणि उन्हाची आमच्याकडं कमी नाही. चांगली गोष्ट आहे. पॅनलची सावली स्लॅबवर पडते तेही बरंच. पण गच्चीवर पुन्हा ड्रिल चढलंय. कांद्यावाल्याच्या थोरल्या मुलानं मागच्या महिन्यात फोन केला. नवा कोबा, नवी पांढरी टाइल, आणि त्यावर पॅनल बसवायचे ठरलेत, माणसं उद्या येणार.

"स्टँड कशावर बसवणार?" मी विचारलं.

"बोल्ट मारणार म्हणतात काका. आठ."

"त्यांना सांग, टाइलवर काँक्रीटचे ठोकळे ओता, ठोकळ्यात बोल्ट घाला. स्लॅबला हात लावायचा नाही. अन् ठोकळे पाण्याच्या वाटेत नकोत, त्यांच्या खालून पाणी सरकायला जागा ठेवा. वारा किती धरलाय तेही विचार, ठोकळा त्या वजनाचा हवा."

"ते म्हणतात त्याचे पैसे वेगळे लागतील."

"द्या मग."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागून वहिनींचा आवाज आला, तो फोनवरून बाजूला झाला आणि परत आला. "आई म्हणतीय ठोकळ्यांचे पैसे देऊ. पण कांदा वाळवायला निम्मी गच्ची मोकळी ठेवा म्हणावं."